बोलणी करा, पीठ जाऊ द्या

मी बोलतेय ती एक चादर. सुती, पलंगावरची, एके काळी पांढरीशुभ्र. आमच्या बेर्शेबा शहरातल्या बाजारात द्रोराने मला घेतलं, तिचा मुलगा एल्काना लष्करातली नोकरी संपवून घरी आला त्या वर्षी. "ताडासारखा वाढलाय मेला, साध्या चादरीत मावतच नाही," असं दुकानदाराला कौतुकाने सांगत ती भाव पाडत होती.

सहा वर्षं मी त्याच्या अंगाखाली होते. तो उजव्या कुशीवर झोपायचा, गुडघे पोटाशी घेऊन. त्या जागी माझा धागा विरळ झाला होता. जागेपणी माणसं काय काय सोंगं करतात, पण झोपेत ती जशी असतात तशीच असतात, म्हणून आम्हा चादरींना ती जरा जास्त कळतात. एल्काना झोपेत हसायचा.

मग युद्ध पेटलं. पहिल्याच दिवशी पलीकडच्या बंदूकवाल्यांनी त्याला सीमेपार धरून नेलं.

द्रोराने पलंग आवरला नाही, मला धुतलंही नाही. रोज सकाळी येऊन ती माझ्यावर हात फिरवायची आणि कुणी आल्याची चाहूल लागली की हात मागे घ्यायची. असे चार महिने गेले. सीमेपलीकडे उपासमार सुरू झाली होती, आणि तिकडे जाणारे पिठाचे ट्रक नाक्यावर अडवले जात होते. एक दिवस तिने मला ओढून काढलं, जमिनीवर पसरलं आणि खिडक्यांचा उरलेला निळा रंग घेऊन मोठ्या अक्षरांत लिहिलं: बोलणी करा. पीठ जाऊ द्या.

विरळ झालेल्या जागेतून रंग पलीकडे झिरपला. मला उलटवून पाहिलं तेव्हा पाठीवर निळ्या डागांतून एक माणूस उमटला होता, कुशीवर झोपलेला, गुडघे पोटाशी घेतलेला. द्रोराने त्या गुडघ्यांवरून एकदा हात फिरवला. मग तिने मला पुन्हा सुलटं केलं आणि राहिलेलं शेवटचं अक्षर पुरं केलं.

तिचा थोरला भाऊ ओव्हाडिया बसचा ड्रायव्हर. आवाजही बसच्या भोंग्यासारखा.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? ज्यांनी पोराला डांबलं त्यांनाच पीठ पोचवायला निघालीस?"

"दादा, माझा पोरगा आज जेवतोय कुठे? तिकडेच ना? तिथल्या चुलीवर भाकरी नसेल, तर त्याच्या ताटात काय आकाशातून पडणार आहे?"

"आणि बोलणी? त्यांच्याशी?"

"मग काय तुझ्याशी करू? तुझ्याकडे आहे का तो? कैद्याला सोडवण्याइतकं मोठं पुण्य नाही, असं आपले बाबा सांगायचे. ते कसं करायचं याची अट घातली होती का त्यांनी?"

ओव्हाडियाला काही ते पटलं नाही.

सीमेकडे जाणाऱ्या रस्त्यावर पिठाचे ट्रक अडवायला आपलीच माणसं जमायची. त्यांच्यासमोर द्रोरा उभी राहायची. माझं एक टोक नाक्यावरच्या पाटीच्या खांबाला बांधलेलं, दुसरं तिच्या हातात. कुणी थुंकलं, कुणी तिला फितूर म्हटलं. एका म्हातारीने शिव्या घालता घालता थर्मासमधला चहा दिला. जेरुसलेमला मंत्र्यांच्या दारासमोरही आम्ही उभ्या राहिलो. "करार करा, पोरं जिवंत आहेत तोवर करा," असं ओरडून द्रोराचा घसा बसला. मंत्र्यांच्या खिडक्यांचे पडदे बंदच राहिले. ते पडदे म्हणजे माझेच जातभाई, पण त्यांना काही वाचता येत नसावं.

आणि एका सकाळी दारात गणवेशातली तीन माणसं उभी राहिली. आमच्याकडे अशी माणसं दारात दिसली की काय झालं ते विचारावं लागत नाही.

एल्कानाचं शव सापडलं होतं. दफन झालं. आमच्या ज्यू रिवाजाप्रमाणे द्रोराच्या सदऱ्याची उजवी बाजू फाडली गेली आणि सात दिवसांच्या सुतकासाठी ती बुटक्या स्टुलावर बसली. सुतकात घरातले आरसे झाकतात. ओव्हाडियाच्या बायकोने, लॉरेटने, घाईघाईत हाताला लागलेलं पहिलं पांढरं कापड दिवाणखान्यातल्या मोठ्या आरशावर टाकलं. ती मी होते. घडी उलगडली आणि अक्षरं सगळ्यांसमोर आली, तोवर माणसं आत येऊ लागली होती.

आमच्यात आणखी एक रीत आहे. शोक करणारा बोलेपर्यंत भेटायला आलेल्याने तोंड उघडायचं नाही. द्रोरा तीन दिवस बोलली नाही. घर माणसांनी भरलेलं, उकडलेली अंडी आणि मसुराची आमटी समोर निवत चाललेली, आणि कुणाचा शब्द नाही. त्या खोलीत बोलत होते ती मी एकटी. माणसं खाली मान घालत, पण नजर पुन्हा माझ्याकडेच येई.

माझी पाठ आरशाला टेकली होती. पाठीवरचा तो निळा मुलगा काचेला अंग लावून झोपला होता. काच गार असते, पण तेवढ्या जागी ती कोमट होती. खोटं वाटेल, पण सांगते. मला भीती वाटत होती, आणि तो हलू नये असंही वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी ओव्हाडियाला राहवलं नाही. तो उठला आणि मला काढायला त्याने हात घातला.

"राहू दे," द्रोरा म्हणाली. तोच तिचा पहिला शब्द.

सातव्या सकाळी तिला सुतकातून उठवलं. उठल्यावर घराभोवतीच्या गल्लीला एक फेरी मारायची असते, म्हणजे माणूस परत जगात येतो. द्रोराने मला काढून काखेत घेतलं आणि ती निघाली. सोबत ओव्हाडिया. कोपऱ्यावरून घराकडे वळायचं, तर ती त्याच्या गाडीपाशी थांबली.

"नाक्यावर ने मला."

"द्रोरा, आता कशाला गं?"

"नेतोस की पायी जाऊ?"

त्याने नेलं, पण फुरंगटून गाडीतच बसून राहिला. द्रोराने मला खांबाला बांधलं. ट्रक रांगेने उभे होते. अडवणाऱ्यांतल्या एका दाढीवाल्याने तिचा फाटका सदरा पाहिला आणि आवाज खाली आणून तो म्हणाला, "मावशी, तुमचा मुलगा तर गेला. मग आता हे पीठ कुणासाठी?"

"आजवर मी माझ्या पोरासाठी मागत होते, बाळा," ती म्हणाली. "आज पहिल्यांदाच दुसऱ्यांच्या पोरांसाठी मागतेय."

दाढीवाला एक पाऊल मागे सरला. पण त्याच्या सोबत्याने खांबाची गाठ सोडली आणि माझं टोक धुळीत पडलं. द्रोरा आपलं टोक धरून उभी राहिली. अक्षरं दुमडली, कुणालाच वाचता येईनात.

गाडीचं दार धाडकन आपटलं. ओव्हाडिया आला, वाकला, माझं टोक झटकून त्याने दोन्ही हातांनी ताणून धरलं.

"मला तुझं पटलेलं नाही," तो द्रोराकडे न बघता म्हणाला. "पण वर धर जरा. तुझ्या बाजूने वाकडी होतेय."

अजून युद्ध थांबलेलं नाही. मंगळवारी आणि गुरुवारी ही दोघं भावंडं मला धरून उभी असतात, आणि अजून भांडतात. उन्हाने अक्षरं फिकी होत चालली आहेत, पाठीवरचा मुलगा मात्र फिका होत नाही. बोलणं ज्यांच्या हातात आहे त्यांना माझं एवढंच सांगणं: लवकर बोला हो. मी फार जुनी झाले आहे, आणि दुसऱ्या कुणाच्या पोराची चादर अशी खांबाला बांधावी लागू नये.