मांतोउवाल्याचा भोंगा इंग्रजी शिकला

मित्रांनो, माझा रंग कोणता, ते आता विचारू नका. एके काळी तो संत्र्यासारखा होता, उन्हाने पार उडाला. मी एक जुना भोंगा आहे, फेरीवाल्यांच्या गाडीवर बांधतात तो. माझ्या कडेचा टवका निघाला आहे आणि मुठीला सुतळी गुंडाळली आहे. तरी माझी गोष्ट सांगायची मला भारी हौस, कारण आमच्या चीनमध्ये भोंगे पुष्कळ असले, तरी त्यांत इंग्रजी बोलणारा बहुधा मी एकटाच असेन. फुशारकी वाटली तर वाटू द्या. ओरडणं हाच माझा धंदा आहे.

माझा जन्म समुद्राजवळच्या एका कारखान्यात झाला. पट्ट्यावरून सरकत सरकत मी एका मुलीसमोर आलो. तिने माझ्या तोंडाशी "एक, दोन, तीन" म्हटलं, मी ते परत म्हणून दाखवलं आणि तिने मला खोक्यात ठेवलं. जो गप्प राहिला, तो टोपलीत गेला. परीक्षा म्हणजे काय, हे मला असं पहिल्याच दिवशी कळलं.

पुढे शिलियांग नावाच्या तालुक्याच्या गावी फांग देमाओ याने मला विकत घेतलं. फांग मांतोउ विकायचा, म्हणजे वाफेवर फुगवलेले पांढरेशुभ्र पाव. त्याची तीनचाकी गाडी होती. मागे बांबूच्या झाकणबंद टोपल्यांची चळत आणि पुढे हँडलला मी, त्याच्या डाव्या कानापासून वीतभर अंतरावर. "मांतोउ घ्या, गरम मांतोउ! मऊ मऊ मांतोउ!" हा त्याचाच आवाज त्याने माझ्यात भरला होता. रोज उजाडता उजाडता तो ओरडत आम्ही गल्ल्या पालथ्या घालायचो. बायका माझ्या आवाजावर चहा टाकायच्या.

फांगची बायको दूर दक्षिणेत कपड्यांच्या कारखान्यात होती आणि नववर्षालाच घरी यायची. घरात बाप आणि लेक दोघंच. लेकीचं नाव सूयिंग. ती हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला होती. आमच्याकडे ज्या घरात असं मूल असतं, त्या घरात मोठ्याने हसत नाहीत, भांडत नाहीत आणि कसलीही वाईट बातमी दारातून आत येऊ देत नाहीत. आजारपण असो की दुखणं, सगळं जूनमधली कॉलेजप्रवेशाची परीक्षा होईपर्यंत दाबून ठेवायचं. हे सगळ्यांनाच ठाऊक असतं, ते शिकवावं लागत नाही.

सूयिंगला इंग्रजीची शिक्षिका व्हायचं होतं. इंग्रजी वाचायला तिला कधीच जड गेलं नाही. उतारा कसलाही असो, पेंग्विनांचा असो की जुन्या पुलांचा, ती झरझर वाचून त्यावरचे प्रश्न हातावेगळे करायची. पण पेपराची सुरुवात व्हायची ती ऐकण्याने. भिंतीवरच्या खोक्यातून दोन इंग्रज बोलायला लागले, की ती एका सुटलेल्या शब्दामागे धावत बसायची आणि पुढचं सगळं निसटायचं. ती आधी शिकली खेड्यातल्या शाळेत, आणि तिथले मास्तर स्वतःच इंग्रजी बोलायला लाजायचे.

"सूयिंग, वाचताना तू वाघीण असतेस आणि ऐकायला लागलीस की तुझी मांजर होते," तिच्या इंग्रजीच्या तान बाई म्हणाल्या. "शिक्षकांच्या कॉलेजात मांजरांना घेत नाहीत."

त्या वर्षी मुलांचे मोबाइल घरी कुलपात असत. मग ऐकायचं कशावर? माझ्या पोटात आवाज साठवायचं नखाएवढं कार्ड असतं; सूयिंग तसलं दुसरं घेऊन बाईंकडे गेली. बाईंनी त्यात जुन्या पेपरांचे संवाद भरून दिले. झालं! दुसऱ्या दिवशी पहाटे फांग पीठ मळत होता, सूयिंग तोंड धूत होती आणि मी चुलीपाशी बसून इंग्रजी बोलत होतो.

माझ्या पोटातल्या त्या इंग्रजांचं काही खरं नव्हतं. बाईची बस रोज चुकायची. पुरुषाची छत्री रोज हरवायची. दोघांना शनिवारी भेटायचं असायचं, ते रविवारवर जायचं. आणि दर पेपराच्या आरंभी नमुन्याचा प्रश्न तोच असायचा, सदरा केवढ्याला?

"काय म्हणतोय तो?" फांगने विचारलं.

"सदऱ्याची किंमत सांगतोय, बाबा. दर वर्षी हाच सदरा आणि हीच किंमत."

"दर वर्षी तीच?" फांगचा पिठाचा हात थांबला. "आणि दुकान चालतं त्याचं? मला त्याच्याकडून शिकायला हवं."

सूयिंग इतकी हसली, की तिच्या हातातला तांब्या कलंडला.

एकदा गडबडीत ते कार्ड माझ्या पोटातच राहिलं. फांगने गल्लीच्या तोंडाशी बटण दाबलं आणि मी खणखणीत इंग्रजीत विचारलं, स्टेशनला कुठून जायचं? खिडक्या उघडल्या. कोपऱ्यावर सोयाबीनचं दूध विकणाऱ्या चोउ मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"फांगभाऊ, मांतोउ आता लंडनला धाडता की काय?"

फांग लाजून लाल झाला. पण दुसऱ्या दिवशीही त्याने कार्ड बदललं नाही. शाळेच्या फाटकाशी सूयिंग वाटीभर दूध नि मांतोउ खायला थांबायची, तेवढ्यात तिचे आणखी चार संवाद व्हायचे. "मांतोउ काय, वासावरसुद्धा खपतात," तो म्हणाला. त्या वर्षी मी दुसरं काही ओरडलोच नाही. लोक मला मास्तर म्हणू लागले. हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं कौतुक, मित्रांनो.

पण एक गोष्ट फक्त मला माहीत होती. फांग माझा आवाज वाढवत चालला होता. थोडा आज, थोडा पुढच्या महिन्यात. शेवटी बटण पुढे जाईना, तरी त्याचं बोट ते ढकलत राही. इतकी वर्षं मी वीतभरावरून ओरडत आलो होतो. फांगच्या कानांची शक्ती ओसरत होती.

बायकोचा फोन आला, की तो आता लगेच सूयिंगच्या हातात द्यायचा. "तूच बोल, माझे हात पिठाचे आहेत." सूयिंगशी बोलताना तो तिच्या तोंडाकडे टक लावून बघायचा. तिला वाटायचं, बाबांची माया. माया तर होतीच. चोउ मावशींनी मात्र ओळखलं. त्या गिऱ्हाइकांना आधीच सांगून ठेवायच्या, "त्याला बोटं दाखवा, किती हवेत ते." सगळी गल्ली बोटांनी मांतोउ मागायला लागली.

मार्चमध्ये पालकसभा होती. आमच्या शाळेत पालकसभेला आईबाप आपल्या मुलाच्याच बाकावर बसतात. सूयिंगने सकाळी चप्पल शोधत, पाठमोरी होऊन वेळ सांगितली आणि ती धावत गेली. त्या दिवशी तिचा बाक रिकामा राहिला. संध्याकाळी ती गाडीपाशी आली ती ओठ घट्ट मिटूनच.

"बाबा, मी सांगितलं होतं! तुम्ही माझं ऐकतच नाही!"

"विसरलो, पोरी," फांग म्हणाला.

"सगळ्यांचे आईबाप आले होते. तान बाईंनी माझ्या बाकाकडे दोनदा पाहिलं."

ती गेल्यावर चोउ मावशींनी दुधाचा डाव आपटला. त्याच्या समोर जाऊन, एकेक शब्द सुटा करत त्या म्हणाल्या, "सांगून टाका तिला. पोर उगाच मनात डूख धरून बसेल."

"धरू दे. परीक्षा झाली, की सोडेल. आत्ता सांगितलं, तर इंग्रजी ऐकायला बसेल आणि माझेच कान आठवत राहील."

आणि त्याने माझं बटण पुन्हा एकदा पुढे ढकललं.

त्यानंतर सूयिंग घरी फारसं बोलेना. हो, नाही, आलेच, एवढंच. पण ऐकणं सुधारत होतं. रस्त्यावर माझं निम्मं बोलणं ट्रकखाली जायचं, कुत्र्यांच्या भुंकण्यात जायचं. सुटलं त्यामागे न धावता पुढचं पकडायला ती शिकली. तान बाई म्हणाल्या, "मांजरीच्या अंगावर पट्टे दिसायला लागले."

जून उजाडला. शेवटचा पेपर इंग्रजीचा, दुपारचा. फाटकापुढचा रस्ता पोलिसांनी बंद केला होता. समोरच्या बांधकामावरची क्रेन थांबली होती. लोक स्कूटर बंद करून हाताने ढकलत नेत होते. फांगने माझ्या पोटातले सेल काढून खिशात टाकले. तेवढ्यानेही त्याचं समाधान होईना, म्हणून मला टोपलीच्या ओल्या फडक्यात गुंडाळलं. ऐकण्याचा भाग सुरू झाला आणि उन्हात उभे असलेले सगळे आईबाप चिडीचूप झाले. एक बाई शिंकली, तर सगळ्यांनी वळून पाहिलं. फांग तेवढा शेजाऱ्यांच्या ओठांकडे बघत राहिला. सुरू झालं की संपलं, त्याला समजेना. त्याला सगळेच दिवस असे होते.

फाटक उघडलं आणि सूयिंग पळतच आली. तिचा चेहरा बघून फांगच्या जिवात जीव आला. गर्दीत बोलणं शक्यच नव्हतं. ती मागे टोपल्यांपाशी चढून बसली, तिने मला मांडीवर घेतलं आणि गाडी निघाली.

मग ती बोलायला लागली. कित्येक महिन्यांचं साठलेलं सगळं बोलली. "बाबा, पहिल्याच संवादात एक शब्द गेला माझा! पण मी सोडून दिला. मग सगळं कळत गेलं. शेवटी एक म्हातारा होता, मधमाश्या पाळणारा, तो त्याच्या वडिलांविषयी सांगत होता. मला इतके आठवलात तुम्ही! बाबा, मी उगाच रागावले तुमच्यावर. पालकसभेचं मनातून काढून टाका हं." बोलताना ती हसत होती आणि रडतही होती. फांगची पाठ तिच्याकडे होती. तो सावकाश, खड्डे चुकवत गाडी हाकत होता. तो काहीच बोलला नाही, तेव्हा तिला वाटलं, त्यालाही रडू येत असेल.

घर आलं. फांग उतरला, पंच्याने मान पुसली आणि वळून तिच्यासमोर उभा राहिला.

"हं, आता सांग. ऐकायचा भाग कसा गेला? वाटेत मुद्दामच विचारलं नाही, म्हटलं दमली असशील."

सूयिंग गाडीवरून खाली उतरली. मग तिने हळूच तोंडावर हात धरला आणि हाताआडून म्हणाली, "बाबा, भूक लागलीये."

फांग थांबला. वाट बघितली. मग ओशाळून हसला.

"हात खाली घे ना, पोरी."

ती तिथेच पायरीवर बसली. चोउ मावशी दूध घेऊन आल्या होत्या, त्यांनी काय ते एका दमात सांगून टाकलं. फांग मान खाली घालून म्हणत राहिला, "पेपर झाला ना? मग झालं तर." वर्षभर ऐकायला शिकलेल्या त्या मुलीला घरातल्याच माणसाला ऐकू येत नाही, हे ऐकू आलं नव्हतं. ती हमसाहमशी रडली. मग डोळे पुसून उठली, बाबांना समोर बसवलं आणि पहिल्या संवादापासून सगळं पुन्हा सांगायला लागली. पालकसभेचंही सांगितलं. जिथे त्याला कळलं नाही, तिथे परत सांगितलं.

निकाल चांगला लागला. ऐकण्याचे थोडेच गुण गेले. शिक्षकांच्या कॉलेजात तिचं नाव आलं. पण जायच्या आधी तिने बाबांना जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं, आणि डॉक्टरांना दाखवायला आरोपी म्हणून मलाही. कान तपासायची काचेची खोली होती. आत बसायचं, कानांवर यंत्र लावायचं आणि आवाज आला की बटण दाबायचं. फांगने नवा सदरा घातला होता. दारातच तो अडला.

"आवाज दोनदा वाजवतात का गं? आणि नापास झालो तर?"

सूयिंगने त्याच्यासमोर येऊन त्याची कॉलर सारखी केली.

"सुटलं तर सुटू द्या, बाबा. बाहेर आलात, की मी सांगेन सगळं. हवं तितक्यांदा."

तो आत गेला. काचेपलीकडे तो परीक्षेला बसलेल्या मुलासारखा ताठ बसला होता, अंगठा बटणावर. सूयिंग दारापाशी उभी राहिली, त्याची पाण्याची बाटली उराशी धरून.

आता फांगच्या कानांत छोटी यंत्रं आहेत आणि बायकोचा फोन तो स्वतः घेतो. मला त्याने हँडलवरून सोडून खिडकीत ठेवलं. माझं कार्ड गेलं, सेल गेले, धूळ बसते. त्याचं मला वाईट वाटत नाही. वाटतं ते एवढंच, मित्रांनो. परीक्षेतला आवाज तुम्हाला पुन्हा विचारता येत नाही, म्हणून तुम्ही जीव कानात आणून तो ऐकता. घरातली माणसं मात्र पुन्हा विचारतात, "काय म्हणालास?" तेव्हा कपाळाला आठी घालू नका. त्यांच्यासमोर जा, आणि पुन्हा सांगा.