कपाळावरचा अंगठा

पक्षाघातानंतर झुल्माबाईंची फ्रेंच गेली. पन्नास वर्षं त्यांनी ब्रुसेल्सच्या घरात आपल्या मायबोलीचा, फ्लेमिशचा, एक शब्द उच्चारला नव्हता. आता दुसरं काही येईना. त्यांची मुलगी सोलांज हिला फ्लेमिश मुळीच कळत नसे. म्हणून तिनं मला, शेजारच्या निवृत्त फ्लेमिश शाळामास्तराला, बोलावलं.

"रोज संध्याकाळी हेच, मास्तर. कपाळ पुढे करते, काहीतरी म्हणते, मग रडते. गोळी दिली, ओली पट्टी ठेवली. झोपतच नाही."

"आणि मला विचारायला आठवडा लावलास?"

"तुमची ती गावठी फ्रेंच ऐकायची म्हणजे चिखलाचे बूट घरात घ्यायचे," ती म्हणाली. पण डोळे सुजलेले होते.

तिचं काय चुकलं? या शहरात आमची भाषा बंदरात, बाजारात, मोलकरणींच्या तोंडी. शाळा, कचेरी, कोर्ट सगळं फ्रेंचचं. मुलीला आपल्यासारखे दिवस नकोत म्हणून आईनं आपली भाषा उंबऱ्याबाहेर ठेवली, आणि तिच्याबरोबर आपल्या बालपणीच्या कितीतरी रीती.

झुल्माबाईंनी कपाळ पुढे केलं. त्यांचे शब्द मी लगेच ओळखले. माझ्या गावात प्रत्येक मूल निजण्यापूर्वी तेच म्हणे.

"डोकं दुखत नाहीये, सोलांज. ती लहान झालीय, तुला आपली आई समजतेय. निजताना आमच्याकडे आई मुलाच्या कपाळावर अंगठ्यानं छोटा क्रूस काढते. तेवढंच मागतेय."

"माझ्या कपाळावर कधी नाही काढला," सोलांज हळूच म्हणाली.

मी तिला सोबतचे शब्द शिकवले, पहिलीतल्या मुलाला शिकवावेत तसे, तुकड्यातुकड्यानं. तिनं अंगठा टेकवला, अडखळत ते म्हटले. झुल्माबाईंचा चेहरा सैलावला. डोळे मिटता मिटता त्यांनी काही विचारलं.

"काय म्हणाली?"

सांगावं की नाही, मला कळेना. "म्हणाली, 'आई, उद्या शाळेत मला आपल्या भाषेत बोलू देतील का?'"

सोलांजनं आईच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "'देतील, बाळ' कसं म्हणायचं?"

मी सांगितलं. ती वळली, तोवर झुल्माबाईंना झोप लागली होती. मी निघालो तेव्हा ती खाटेशी बसून तेवढंच घोकत होती, उद्या विचारलं तर चुकायला नको म्हणून.

सकाळी ती माझ्या दाराशी आली. आई झोपेतच गेली होती.

"पाठ झालं होतं, मास्तर," ती म्हणाली.