नाकारलेल्यांचं हळदीकुंकू

माझ्या नातीनं, श्रियानं, माझं चित्र काढलं. पैठणीतलं नाही. विळीवर बसून नारळ खवताना, घामेजलेली, कपाळ मोकळं.

"जरा बरी तरी काढायचीस," मी म्हटलं.

"तू अशीच दिसतेस ला, आजी." इथल्या पोरांसारखा तिच्याही बोलण्यात हा 'ला' येतोच.

इथं परदेशात, आमच्या कॉन्डोतल्या, म्हणजे सोसायटीतल्या, मराठी बायकांच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवात पोरांची चित्रं लावणार होते. सगळा कारभार स्मिताचा. चित्र बघून ती म्हणाली, "छानच हो काकू! फक्त कपाळावर एक टिकली रंगवू या का? शुभकार्य आहे ना."

"एका ठिपक्याचा तर प्रश्न," माझी सून मेधा म्हणाली. पोरीनं ब्रश उचललासुद्धा.

"ठेव खाली," मी म्हटलं. "नवरा माझा गेला, कपाळ माझं. टिकली लावायची की नाही ते मी ठरवीन."

"मग चित्र लागणार नाही, काकू," असं म्हणून स्मिता गेली.

श्रिया शाळेबरोबर म्युझियममध्ये फ्रेंच चित्रं बघून आली होती. म्हणाली, "पॅरिसमध्ये पण असंच झालेलं. दीडशे वर्षांपूर्वी. मोठ्या प्रदर्शनात देवदेवता, राजेराण्या चालायच्या. कुणी साधी कामकरी माणसं रंगवली की नाकं मुरडायचे. मग काही जणांनी स्वतःचंच प्रदर्शन मांडलं."

"लोक आले?"

"आले की. हसायला."

"हसायला का होईना, उंबरा ओलांडला ना?"

झालं. त्याच दिवशी, त्याच वेळी, आमच्या हॉलमध्ये मी हळदीकुंकू ठेवलं. टीव्ही उतरवून तिथं चित्र टांगलं.

"आई, पण विधवेनं हळदीकुंकू..." मेधा अडखळली.

"पूर्ण कर की वाक्य."

ती तिळगूळ वळायला बसली.

स्मिताकडचं वाण हातात घेऊनच बायका वर आल्या, आपसात खुसखुसत. "माझे कान शाबूत आहेत गं," मी म्हटलं, तशा चित्राकडे वळल्या. वळल्या त्या तिथंच थांबल्या.

मग बाराव्या मजल्यावरची मधुवंती आली. नवरा गेल्यापासून तिला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं. मी बोलावलं होतं. ती दाराबाहेरच उभी.

"काकू, मी फक्त चित्र बघायला आलेय."

"चित्र आत आहे."

आली. चित्रातल्या कपाळाकडे बघत राहिली. मी कुंकवाची कोयरी उचलली.

"लावू? तुला हवं असेल तर."

मधुवंतीनं सगळ्या बायकांकडे एकदा नीट बघितलं.

"लावा."

"मग मान हलवू नकोस," मी म्हटलं, आणि चांगलं ठसठशीत लावलं.