ऐकू येईल अशी मीटिंग

मित्रांनो, मी एक जुने श्रवणयंत्र आहे. घरातली माणसे मला 'कानाचं मशीन' म्हणतात. आकाराने मी काजूएवढे, कानामागे बसणारे. सगळे आवाज मोठे करून ऐकवायचे, हेच माझे काम.

माझे मालक लेथ मशीनवर टर्नर होते. तीस वर्षे लोखंड कातता कातता त्यांचे कान गेले. दवाखान्यात मला पहिल्यांदा कानात घातले, तेव्हा ते दचकून बायकोला म्हणाले, "अगं, ओरडतेस कशाला?" ती बिचारी नेहमीच्याच आवाजात बोलत होती. कारखान्यात तर माझे भलतेच कौतुक झाले. हत्यार बोथट झाले की लोखंडाचा सूर बदलतो. तो सूर टर्नरना पुन्हा ओळखता येऊ लागला. फोरमन म्हणाले, "आता मशीनलासुद्धा याच्यापुढे खोटं बोलता येणार नाही!"

पण टर्नर दारू पीत. निवृत्तीनंतर तर दुपारपासूनच सुरू होई. बायको बोलू लागली की ते मला काढून खिशात टाकत. पुढे खिशातून मी कपाटाच्या खणात गेले. माझा सेल संपला, नळीत मळ साचला. ज्याला काही ऐकायचेच नाही, त्याला माझा काय उपयोग?

एका रविवारी दुपारी त्यांची बायको न्हाणीघरात घसरून पडली. तिचे मनगट मोडले. अर्धा तास ती हाका मारत होती आणि टर्नर पलीकडच्याच खोलीत पिऊन बसले होते. शेवटी शेजारच्या काकू धावत आल्या.

दुसऱ्या दिवशी टर्नरनी मला खणातून काढले, मऊ ब्रशने साफ केले, नवा सेल घातला. पहिले शब्द मी ऐकवले ते बायकोचे. प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून ती म्हणाली, "माफी मागू नका. ती खूपदा ऐकली. दारू सोडायची असेल तर उठा."

ते उठले. डॉक्टरांनी औषधे दिली आणि दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगचे पत्ते लिहून दिले. म्हणाले, "एकट्यानं निभत नाही. सोबत शोधा."

पहिली मीटिंग मोठ्या सभागृहात होती. डोक्यावर आठ पंखे, समोर माइक. मित्रांनो, खरे सांगते, माझी तिथे धांदल उडाली. पंख्यांची घरघर मी मोठी केली आणि माणसांचे शब्द त्यात बुडाले. सगळे हसले की टर्नरही हसत, पण एक क्षण उशिरा. दुसऱ्या मीटिंगमध्ये माणसे मान खाली घालून पुटपुटत. त्यांचे तरी काय चुकले? मनातले बोलणे सोपे नसते. तिसऱ्या पत्त्यावर कुलूप होते.

त्या कुलपासमोरच दारूचे दुकान होते. बाटल्यांची किणकिण मात्र मी अगदी स्वच्छ ऐकवली. मला माझीच लाज वाटली. टर्नर बराच वेळ उभे राहिले. मग पाठ फिरवून घरी आले.

"माझ्यासाठी नाहीतच त्या मीटिंगा," ते म्हणाले.

"अहो, चप्पल घ्यायला पाच दुकानं पालथी घालता," बायको म्हणाली. "इथे तीनमध्येच दमलात? आणि मला सांगा, ऐकू येत नाही हे तिथे कुणाला सांगितलंत तरी का?"

त्यांनी कधीच, कुणालाच सांगितले नव्हते.

चौथी मीटिंग वाचनालयामागच्या खोलीत होती. सहाजण गोल बसले होते. एक बसचालक बाई मीटिंग चालवत होत्या. टर्नर बसलेच नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "मला कमी ऐकू येतं. माझ्याकडे तोंड करून बोला. आणि तेवढा पंखा बंद केलात तर बरं होईल."

त्यांचे हृदय कसे धडधडत होते, ते मी ऐकत होते.

बाई उठल्या. पंखा बंद झाला. सहा खुर्च्या सरकत जवळ आल्या. घामाने सगळे निथळले, पण एकही शब्द वाया गेला नाही. शेवटी टर्नर म्हणाले, "बायको हाका मारत होती. मी शेजारच्या खोलीत होतो." कुणीही उपदेश केला नाही. बाई एवढेच म्हणाल्या, "मंगळवारी पुन्हा या."

त्याला आता दोन वर्षे झाली. एकही मंगळवार चुकला नाही आणि दारूचा थेंबही नाही.

टर्नरकडे आता नवे यंत्र आहे. मला त्यांनी एका निवृत्त पोस्टमनना दिले, दवाखान्यात त्यांच्या कानात बसणारा नवा साचा करून आणि माझा आवाज जुळवून घेऊन. तेही दारू सोडू पाहत आहेत. परवा ते चिडून म्हणाले, "तुमच्या त्या खोलीत माझा जीव गुदमरतो. मला नाही जमणार."

मला वाटले, टर्नर रागावतील. ते हसले आणि पायांत चप्पल सरकवत म्हणाले, "मग ती तुमची खोली नव्हे. चला, दुसरी बघू. मी येतो बरोबर."

मित्रांनो, यंत्र पुसून ठेवा, सेल वेळेवर बदला, ही माझी विनंती आहेच. पण तुमच्या घरातले कुणी अशी खोली शोधत असेल, तर त्याला एकट्याला पाठवू नका. सध्या आम्ही तिसऱ्या मीटिंगचा जिना चढतो आहोत. पोस्टमनना धाप लागली आहे, पण ते थांबलेले नाहीत.