आठ तासांचं माहेर

समृद्धी महामार्गाची मोजणी कराले साहेब आले, तवा आमच्या गावात सगळ्यात आधी वावर द्याची सही कोनं केली असन, तं या प्रेमदासनं. भाऊबंद तोंड फिरवून बसले. "बुढा पागल झाला," म्हने. झालो तं झालो! माही एकुलती एक पौर्णिमा तिकडं समुद्राकाठी, उरणले. बंदराच्या गोदामात कामाले हाय. इकडच्या कापसाच्या गाठी तिथूनच जहाजात चढतात. रस्ता झाला का सकाळी निघालेली पोट्टी संध्याकाळी घरी, एवढंच माह्या डोक्यात होतं.

तिची माय तानाबाई रस्ता पाहाले राह्यली नाई. पण जाताना सांगून गेलती, "पोरीचं पहिलं बाळंतपण माहेरीच करजो." म्हणून रस्त्यात गेलेल्या वावराच्या पैशातून एक खोली बांधली. खिडकीले जाळी लावली, आत कमोड बसवला. पवनारच्या बहिणीले महिनाभर राहाले बोलावलं. तिनं डिंक अन् मेथ्या आणून ठेवायले सांगतल्या, त्याबी आणल्या.

मागच्या सोमवारी पौर्णिमाचा फोन आला.

"बाबा, माह्यानं येणं नाई होत. रस्ता झाल्यापासून माल दुप्पट येऊन राह्यला. लांब सुट्टी घेतली का माह्या जागेवर दुसरी बसवतीन. इथं दवाखाना जवळ हाय, सासूबाई बी येऊन राह्यल्या. तुमीच या नं. आता तं आठच तास लागतात."

मले असा राग आला! तुह्या मायले काय सांगू मी, हे तोंडापर्यंत आलतं. पण बोलताना तिले दम लागत होता. आठवा महिना.

"किती दिवस राहू?" मी इचारलं.

"खोली एकच हाय, बाबा. सकाळी निघजा, एक रात्र राहजा. रस्ता चांगला हाय नं."

"हो," म्हटलं, "रस्ता चांगला हाय."

मंग बहिणीले फोन लावला, का आता नको येजो. तिनं इचारलं, काऊन? मी म्हटलं, पोरीले तिकडंच सोयीचं पडते. अन् मले रडूच आलं, बाप्पा. एका रात्रीचा पाहुणा होऊन जातो आता, पोटच्या पोरीकडं.