साऱ्या गल्लीचा पालक

धाकटी लेक एक ट्रंक आणि एक पोर घेऊन नवऱ्याच्या घरातून माझ्याकडे परत आली, त्या वर्षीची ही गोष्ट. जावयाबद्दल जास्त लिहीत नाही. शाई महाग नाही, पण वाया का घालवा. ट्रंकेचं कुलूप त्याने लाथेने फोडलं होतं आणि लेकीने ती जुन्या ओढणीने बांधून आणली होती, एवढ्यावर काय ते समजून घ्यावं.

पोर म्हणजे चिमी, पहिलीत घालायच्या वयाची. शाळा माझ्या इस्त्रीच्या टपरीवरून दिसते. मला वाटलं, पोरीचं बोट धरायचं, बाईंसमोर उभी करायची, की झालं. तेवढ्यात जावयाचा निरोप आला. शाळा सुरू होईपर्यंत तिचं नाव कुठे लागलं नाही तर मी तिला घेऊन जाईन, इथे माझ्या ओळखीच्या शाळेत जागा आहे, असा. स्वतः चौथीत दोनदा बसलेला माणूस. पण कोणी तरी त्याला कायदा शिकवला होता, आणि असले धडे तो एका दमात पाठ करी.

शाळेच्या फाटकावर रखवालदाराने आम्हाला अडवलं. आत बाई खिडकीशी बसून वह्यांना कव्हरं घालत होत्या.

"नावनोंदणी ऑनलाइन," तो म्हणाला.

"अहो, बाई त्या काय समोर बसल्यात."

"त्यांच्या हातात काही नसतं. सगळं ऑनलाइन."

"मग त्यांना कशाला ठेवलंय?"

"ते मला नका विचारू, मावशी. मीसुद्धा ऑनलाइनच लागलोय."

मी अक्षरं शिकले ती केस पिकल्यावर. दुकानाची पाटी वाचते, औषधाच्या बाटलीवरचं बारीकही वाचते. पण फोनच्या काचेवरचं वाचायला घेतलं की बोट लागून ते पळतं. लेक शिकलेली, पण तिच्याजवळ बटणांचा साधा फोन. चांगला होता तो नवऱ्याने ठेवून घेतला. म्हणून आम्ही मदत केंद्रात गेलो.

मदत केंद्र म्हणजे वाचनालयामागची खोली. तिथे एक टेबल, एक संगणक, पाय हलणारी दोन बाकडी, आणि टेबलामागे पाणीखात्यातून निवृत्त झालेला कारकून. गल्ली त्याला बापमाणूस म्हणायची. हे नाव कोपऱ्यावरच्या शिंपिणीने ठेवलं होतं, आणि कौतुकाने ठेवलं नव्हतं. नोकरीभर त्याने लोकांना 'उद्या या' म्हणून सांगितलं होतं. निवृत्तीनंतर 'उद्या या' सांगायला माणसं मिळेनात, तेव्हा त्याने समाजसेवा सुरू केली. पैसा घेत नसे. फुकट काम करणाऱ्याला कोणी उलटून बोलू शकत नाही, हाच त्याचा खरा पगार.

"हात लावू नका," लेक खुर्चीवर टेकायच्या आतच तो म्हणाला. "बिघडलं तर भरून कोण देणार?"

"मला टाइप करता येतं, काका."

"येत असेल. इथे मी करतो. मुलीचं नाव?"

लेकीने सांगितलं. तो एकेक अक्षर शोधून दाबत होता, कोंबडी दाणे टिपते तसा. लेकीची बोटं मांडीवर वळवळत होती.

"वडिलांचं नाव?"

"रिकामं ठेवा."

"का?"

"ठेवा ना."

बाकड्यावर चार बाया बसल्या होत्या. त्यांची कुजबूज थांबली. बापमाणसाने चष्म्यावरून आधी लेकीकडे पाहिलं, मग बायांकडे, आणि आवाज चढवला. "रिकामं ठेवून चालत नाही. लाल होतं. हे बघा, लाल झालं. बाप लागतोच."

"काही तरी घाला मग," मी म्हणाले. "नाव सोडून."

त्याने बराच विचार करून तिथे एक टिंब दिलं. मशीनने निमूट घेतलं. माझ्या जावयाची किंमत एवढ्या लवकर दुसऱ्या कोणालाच कळली नव्हती.

"आता मोबाइल नंबर. तुमचा सांगू नका. तुमच्यासारख्यांचे नंबर टिकत नाहीत. नवरा शोधतो, की तुम्ही बदलता. माझा घालतो."

"पण निरोप मला यायला हवेत."

"मी सांगीन की. सगळ्यांना मीच सांगतो."

आणि ते खरं होतं. शिंपिणीचे दोघे, सुताराची मुलगी, टेम्पोवाल्याचा वांड पोरगा, सगळ्यांच्या खात्यावर याचाच नंबर. पासवर्ड याचा, ओटीपी याच्या फोनवर. शाळेच्या लेखी आमच्या गल्लीत एवढी पोरं जन्माला घालणारा हा एकच माणूस. आणि आमची गल्लीही तशीच. स्वतःच्या पोराचा पासवर्ड लक्षात ठेवायचा म्हणजे डोक्याला ताप, त्यापेक्षा बापमाणूस आहे ना. सिनेमाची गाणी यांना बारा कडव्यांची पाठ.

निरोप सांगायची त्याची तऱ्हा अशी. संध्याकाळी तो कोपऱ्यावर उभा राहायचा, शर्टाच्या खिशातून फोन काढायचा आणि हात लांब करून वाचायचा. त्याचे शर्ट माझ्याकडेच इस्त्रीला यायचे. डावा खिसा फोनच्या वजनाने लोंबलेला असायचा, कितीही कडक इस्त्री करा. "टेम्पोवाले, तुमचे चिरंजीव तीन दिवस शाळेत नाहीत. सुतार, गणितात शून्य, अभिनंदन." लोक हसायचे. ज्याचं पोर असेल तो सोडून.

एका संध्याकाळी आमची पाळी आली. "इस्त्रीवाल्या मावशी, तुमच्या नातीचा अर्ज पोचला. बापाच्या जागचं टिंबसुद्धा पोचलं बरं का. यादी लागली की कळवतो." लेक नव्यानेच लागलेल्या कामावरून येत होती. तिने ऐकलं आणि मान खाली घालून घरात गेली.

मी इस्त्री उभी ठेवली आणि बाहेर आले. "पासवर्ड कागदावर लिहून द्या," म्हटलं. "आमचं आम्ही बघू."

"अहो आजीबाई, बायकांच्या पोटात पासवर्ड राहत नाही."

"तुम्ही नऊ महिने राहिलात की. तुमच्यापेक्षा जड असतो का तो?"

या वेळी लोक हसले ते त्याला. तो फोन खिशात घालून चालता झाला. पासवर्ड दिला नाहीच. लेक मला म्हणाली, "आई, यादी लागेपर्यंत तरी तोंड आवर." पण बोलून झालं होतं. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. मी पाय धरायचे सोडून शेपूट ओढलं होतं.

मग बापमाणूस पडला. सकाळी दाढी करता करता मोरीत कोसळला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. दवाखान्यात थोडे दिवस ठेवून घरी पाठवला. त्याच आठवड्यात शाळेच्या फाटकावर कागद लागला. यादी खात्यावर आली आहे, शुक्रवारी दुपारपर्यंत पालकाने 'मान्य' केलं नाही तर जागा पुढच्या मुलाला जाईल.

लेकीने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि आम्ही शाळेच्या कचेरीत गेलो. ज्यांच्याकडे काही काम असतं त्यांना रखवालदार आत सोडतो, असं त्या दिवशी कळलं. आतला कारकून कोवळा होता, पण वागणं पिकलेलं.

"जागा लागलीय तुमच्या मुलीला," तो पडद्याकडे बघत म्हणाला. लेकीने माझा हात घट्ट धरला. "फक्त पालकांनी मान्य करायचंय."

"मी पालक. करते."

"कोड पालकांच्या नंबरवर जातो. हा नंबर तुमचा नाही."

"तो नंबर पाणीखात्यातल्या काकांचा. मी मुलीची आई. समोर उभी आहे."

"असाल. पण खात्यावर पालक ते आहेत."

"त्यांना अर्धांग झालंय," मी म्हणाले.

"मग बरे झाले की करू द्या."

"शुक्रवारपर्यंत?"

"मुदत मी ठरवत नाही, आजी."

म्हणजे जन्म देणारी आई टेबलासमोर चालणार नाही, आणि तोंड वाकडं होऊन पडलेला परका माणूस चालणार. याला हे लोक शिस्त म्हणतात.

बापमाणसाच्या घरी गेलो तर दारात चपलांचा ढीग. सगळी गल्ली आत. हा माणूस धडधाकट असताना याच्या दारात कोणी पाणी प्यायला थांबत नव्हतं. आता शिंपीण उशाशी, सुतार पायथ्याशी, टेम्पोवाला कपाटाला टेकून. त्याची बायको सगळ्यांना चहा देत होती आणि तिचे डोळे भरून येत होते.

"यांना इतकी माणसं मानतात, मला माहीतच नव्हतं," ती म्हणाली.

"मानतो तर," सुतार म्हणाला. "देवमाणूस. काकू, यांचा फोन कुठे असतो?"

"काय हो काका, आता बरं वाटतंय ना?" शिंपीण त्याच्या बहिऱ्या नसलेल्या कानात ओरडली. "वह्या-पुस्तकांचा काही निरोप आलाय का, डोळ्यांनी सांगा."

टेम्पोवाल्याने तर उशीखाली हातच घातला. तेव्हा बायकोच्या लक्षात आलं. तिने चहाचं भांडं खाली ठेवलं, त्याचा हात मनगटाला धरून उशीखालून बाहेर काढला आणि म्हणाली, "फोन माझ्याकडे आहे. मुदत कोणाची आहे, तेवढी माणसं थांबा. बाकीचे चहा संपवून निघा." आवाज वाढवला नाही. माणसं चहा अर्धा टाकून गेली.

मुदत आमचीच होती. मीही काही त्याच्यावरच्या मायेने गेले नव्हते, हे इथे सांगून टाकते. तीही ते ओळखून होती.

"मावशी, तुम्ही यांना चारचौघांत बोललात," ती म्हणाली.

"बोलले."

"मला चाळीस वर्षांत जमलं नाही." आणि तिने कपाट उघडून फोन काढला.

फोन उघडायचे आकडे त्याला सांगता येईनात. अंगठ्याने उघडतो, पण उजव्या, आणि त्या हातात जीव नव्हता. बायकोने तो हात उचलला, ओला टॉवेल उचलावा तसा, आणि अंगठा काचेवर टेकवला. फोन उघडला. मी कित्येक वर्षं अंगठे उठवले, पण निदान ते माझे मी उठवले होते.

लेकीने फोनकडे हात नेला. तर हा पडल्या पडल्या डाव्या हाताने तिचा हात झटकतो. तोंडातून शब्द नाही, नुसतं हं हं. अर्थ मात्र लख्ख. हात लावू नका.

"जळ्ळं मेलं लक्षण," बायको म्हणाली. "द्या त्यांच्याच हातात."

डाव्या हाताने तो शोधायला लागला. पोरांची यादी वरखाली पळत होती. सुताराची मुलगी आली, गेली. टेम्पोवाल्याचा पोरगा दोनदा येऊन गेला. मग चिमी सापडली. खाली 'जागा मंजूर', आणि दोन चौकटी, मान्य आणि नाकार, एकमेकींना अशा चिकटलेल्या की करणाऱ्याने आयुष्यात कधी थरथरता हात पाहिलेला नसावा. याचं बोट मान्यवर जायचं आणि नाकारवर घसरायचं. एकदा तर नाकार दाबलं गेलं आणि 'नक्की?' असं विचारणं आलं. बायकोने पटकन मागे घेतलं.

"काका," लेक म्हणाली. तिचा आवाज चिमीएवढा झाला होता. "ही जागा गेली तर तो पोरीला नेईल. मला करू द्या."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग फोन आपल्या छातीवर ठेवला, तिचं बोट मुठीत धरलं आणि काचेवर आणलं. त्याचं मन विरघळलं असं लिहायला मला आवडलं असतं. तसं काही नव्हतं. स्वतःचं बोट कामाचं राहिलं नाही हे त्याला कळलं, आणि जवळ दुसरं बोट तेवढंच होतं. शेवटपर्यंत मूठ त्याने सोडली नाही, दाबल्याचं पुण्य आपल्याच खात्यावर पडावं म्हणून. मान्य झालं. ओटीपी आला तो त्याच्याच फोनवर, तोही त्याने तिच्या बोटाने दाबला. हिरवी खूण उमटली तशी लेक पलंगाच्या काठावर बसली.

नंतर लेक रोज कामावरून आली की तिथे जायची. बायको अंगठा टेकवायची, लेक एकेका पोराचं खातं उघडून तिथे त्याच्या आईचा नंबर घालायची आणि पासवर्ड तिलाच करायला लावायची. गल्लीतल्या बाया आधी कां कूं करत होत्या. बापमाणूस बघत पडलेला असायचा. पहिले दोन दिवस त्याने हं हं केलं, मग तोंड भिंतीकडे केलं. जावयाने पुन्हा निरोप पाठवला, तेव्हा लेकीने शाळेचं नाव आणि तुकडी कळवली. मग तो आला नाही. आला असता तर इस्त्री तापलेलीच असते.

सगळ्या पोरांची खाती काही पुरी झाली नाहीत. टेम्पोवाला आज येतो, उद्या येतो करत राहिला. आणखीही काही होते.

शाळा सुरू झाल्यावर दुसऱ्या सोमवारी, पहिली घंटा होऊन गेल्यावर, बापमाणूस वारला. प्रेत उचललं तेव्हा सगळ्यांत मोठ्याने हे खाती राहिलेलेच रडले; फोन उघडणारा अंगठा चालला होता.