मी पडले त्या सकाळी

मी घंटा बोलतेय, टेकडीवरच्या जुन्या चर्चची. मनोऱ्यातून नाही, खाली अंगणातल्या मातीतून. चार महिने झाले, तरी झालं ते खरंच झालं का, असं मी अजून स्वतःलाच विचारते.

मी आले तेव्हा चर्च म्हणजे चार मातीच्या भिंती आणि गवताचं छप्पर. मला घडवणारा ओतारी म्हणाला होता, "हिचा आवाज नदीपलीकडे जाईल." पण मला टांगायला मनोराच नव्हता! दोन वर्षं मी एका झाडाला लटकले होते. मग गावानं दगड फोडून चर्च बांधलं, मनोरा उभा केला आणि जाडजूड तुळईला मला बांधलं. बारशाला मी वाजले, लग्नाला वाजले, मयताला तर हमखास.

माझा दोर एकाच घराच्या हाती राहिला. आधी पणजा, मग आजा, मग बाप, मग त्याची लेक. सगळं गाव तिला ताई म्हणायचं. "घड्याळ मागे पडेल, ताई नाही पडायची," असं लोक म्हणत. तिचा धाकटा भाऊ सुतार होता. कमी बोलणारा, कानावर पेन्सिल खोचलेला.

एकदा तो वर चढला, तुळईत पटाशी घातली, तर ती लोण्यासारखी आत गेली. वाळवी. त्यानं पंचमंडळींना सांगितलं, "तुळई बदलायला हवी." ते म्हणाले, "बघू पुढच्या वर्षी." पुढच्या वर्षी त्यानं पुन्हा सांगितलं. तिसऱ्या वर्षी त्यानं सांगणं सोडलं आणि स्वतःच टेकू घेऊन आला.

"ताई, आज दोराला हात लावू नकोस," तो वरून म्हणाला.

"नाही लावत. तू सांभाळून."

गाव शेतावर गेलं होतं. मनोऱ्याच्या दारातून ताईला खालच्या आळीत धूर दिसला. गिरणीवाल्याचं घर! आत त्याची अंथरुणाला खिळलेली आई आणि तिची दोन नातवंडं.

"खाली उतर!" ती ओरडली. "गिरणीवाल्याकडे आग लागलीय! मला वाजवायचंय!"

त्यानं खिडकीतून पाहिलं. टेकू अजून अर्धाच बसला होता. शिडी लांब होती, उतरायला वेळ लागला असता.

"वाजव तू! मी भिंतीला चिकटून उभा राहतो."

"अरे, पण तुळई..."

"ताई, पोरं आहेत आत. वाजव!"

तिनं दोर ओढला.

मी वाजले. जीव तोडून वाजले. शेतांमधून माणसं धावत निघालेली मला वरून दिसत होती, कुणाच्या हातात घागर, कुणाच्या हातात बादली. मला वाटलं, जमलं! आणि माझ्या डोक्यावर काहीतरी कडकन मोडलं.

पुढचं मला नीट आठवत नाही. धूळ होती. दगड होते. दोर अजून ताईच्या हातात होता. तुळईनं भावालाही खाली ओढलं होतं; तो माझ्याखाली होता.

म्हातारी वाचली. दोन्ही पोरं वाचली. लोक हसत वर आले, ताईचे आभार मानायला. दारातच त्यांचं हसू थिजलं.

शे-दीडशे वर्षं मी गावातल्या प्रत्येकाला पोचवलं. त्याला मात्र माझ्या आवाजाविना पोचवलं. मला ढिगाऱ्यातून ओढून अंगणात आणलं होतं; मी शेजारीच पडले होते, तोंड मातीत. मी वाचवलं की मारलं? कुणीच सांगत नाही. मलाही कळत नाही.

काल पंचमंडळी आली. मनोऱ्यात लोखंडी तुळई बसवलीय, मला परवा पुन्हा चढवणार. फादर ताईला हळूच म्हणाले, "तुझी हरकत असेल तर नाही चढवत."

तिनं माझ्या काठावरची माती पुसली. मग म्हणाली, "चढवा. आग काय पुन्हा लागणार नाही?" पंचांकडे वळून म्हणाली, "पण वर चढणारा माणूस काही सांगेल, तेव्हा त्याचं ऐका. माझ्या भावानं तीनदा तोंड उघडलं होतं."

"दोनदा," एक पंच पुटपुटला.

"तिसऱ्यांदा टेकू घेऊन आला होता," ती म्हणाली आणि घरी निघून गेली.

परवा दोर कोण ओढणार ते अजून ठरलेलं नाही. जो कुणी ओढेल त्याला माझं एवढंच मागणं आहे. पहिला ठोका हळू दे, बाबा. टेकडीखालच्या घरात ती एकटी असेल.